शेतकरी गटाचे आठवडी बाजारपत्रक कसे काढावे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आज भावाची बातमी मिळत नाही अशी तक्रार सहसा कोणी करत नाही. बऱ्हाणपूरच्या केळीचे लिलाव, लासलगावचा कांदा, अकोल्याची तूर आणि अमेरिकेतील कापसाचे वायदे सकाळपासून मोबाइलवर एकापाठोपाठ येऊन पडत असतात. तरीही माल विकायला निघालेला शेतकरी शेवटी शेजाऱ्यालाच विचारतो, ‘काय भावाने दिला?’ कारण शेजाऱ्याच्या उत्तरात वजन, कटती (वजनातून धरलेली तूट), गाडीभाडे आणि पैसे हातात केव्हा पडले हे सगळे धरलेले असते, आणि मोबाइलवरच्या आकड्यात यातले काहीच नसते. शेतकरी गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने काढायच्या बाजारपत्रकाचे काम हेच आहे. बाजारात बोलला गेलेला भाव आपल्या सभासदाच्या बांधावर किती उरतो, हे त्याने दर आठवड्याला लेखी सांगावे. केवळ दर उतरवून पुढे पाठवायचे असतील तर त्यासाठी वेगळे पत्रक काढण्याची गरज नाही.

व्याप्ती आणि माणसे

पत्रक दोन पानांपेक्षा मोठे असू नये आणि त्यात तीन-चार पिकांहून अधिक पिके घेऊ नयेत. रावेर-यावल पट्ट्यातील गटाने केळी, हरभरा आणि मका घ्यावा. अमळनेर, पारोळा, धरणगाव भागात कापूस, मका आणि ज्वारी. साक्री-पिंपळनेरकडे कांदा आणि मका. नंदुरबारजवळ मिरची, आणि नवापूरकडे तूर, असा आपापल्या शिवाराचा विचार करावा. जे पीक गटातील निम्म्या सभासदांकडेही नाही त्याची बातमी कितीही रंजक असली तरी ती वगळावी. पत्रक कोणत्या वारी काढायचे हे सभासद माल कधी हलवतात यावरून ठरवावे. गावचा आठवडे बाजार किंवा जवळच्या बाजार समितीतील मोठ्या आवकेचा दिवस असेल, त्याच्या आदल्या संध्याकाळी पत्रक हातात पडले पाहिजे.

हे काम दोघांकडे असावे: एकाने आकडे गोळा करावेत आणि दुसऱ्याने पाठवण्यापूर्वी तपासावेत. यांपैकी कोणीही आडतीचा गाळा चालवणारा, व्यापाऱ्याकडून गाडीमागे दलाली घेणारा किंवा खेडा खरेदीत (व्यापाऱ्याने गावात येऊन केलेल्या खरेदीत) भागीदार असलेला नसावा. माणूस कितीही भला असला तरी, ज्याचा नफा भावाच्या चढ-उतारावर अवलंबून आहे त्याच्याकडून भावाची बातमी लिहून घेणे दोन्ही बाजूंना अवघड जाते.

आकडे कोठून घ्यावेत आणि कसे वाचावेत

महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर राज्यातील बाजार समित्यांचे रोजचे दर मिळतात. केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेटवर इतर राज्यांचेही दर असतात, आणि १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या ई-नाम या राष्ट्रीय बाजार मंचावर त्याला जोडलेल्या समित्यांमधील व्यवहार दिसतात. या तिन्ही ठिकाणी साधारणपणे चार रकाने असतात: आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर. व्हॉट्सॲपवर फिरतो तो बहुधा कमाल दर, आणि पत्रकात मथळ्यात कधीही येऊ नये तोही कमाल दरच. सर्वसाधारण दर म्हणजे ज्या दराच्या आसपास सर्वाधिक माल विकला गेला तो दर, आणि सभासदाच्या कामाचा आकडा तोच असतो. मात्र त्याच्या शेजारी आवक लिहिल्याशिवाय त्यालाही अर्थ नाही. एखाद्या समितीत तुरीची आवक तीन क्विंटल असेल, तर तो दर एखाद-दुसऱ्या शेतकऱ्याच्या मोजक्या पोत्यांच्या प्रतीचा दर आहे. त्यावरून बाजार चढला किंवा उतरला असे म्हणता येत नाही.

गणेशोत्सवाच्या सुमारास खानदेशात काही ठिकाणी कापसाची मुहूर्ताची खरेदी होते, तिच्या बातम्या फोटोंसह झळकतात आणि त्यातील भाव ऐकून लोक हरखून जातात. मुहूर्ताचा भाव हा दुकानाच्या उद्घाटनाला वाटलेल्या पेढ्यासारखा असतो. तो आनंदाने घ्यावा, पण दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात तो फुकट मिळेल असे धरून चालू नये. पत्रकात अशा खरेदीची नोंद घ्यायचीच असेल, तर किती क्विंटल कापूस त्या भावाने घेतला गेला हे त्याच वाक्यात लिहावे. वाचकाला बाकीचे आपोआप समजते.

केळीची गोष्ट निराळी आहे. जळगाव जिल्ह्यातील केळी फार मोठ्या प्रमाणावर बागेतच मोजली जाते, म्हणजे शिवार खरेदीने जाते, आणि भावासाठी रावेरच्या जाहीर दराबरोबरच सीमेपलीकडील बऱ्हाणपूरच्या लिलावाकडे लक्ष ठेवले जाते. त्यात नवती (नव्या लागवडीची), पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांपासून घेतलेली) आणि वापसी (कमी प्रतीची, मागे राहिलेली) अशी प्रतवारी असल्यामुळे ‘केळी अमुक रुपये’ अशी एकच ओळ लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे होय. जाहीर झालेला दर आणि बागेत प्रत्यक्ष मिळालेला दर यांत अंतर पडते, ही केळी उत्पादकांची जुनी तक्रार आहे. ती तक्रार सभेत बोलून विरून जाते. पत्रकात आठवड्यागणिक नोंदली गेली तर तिचा पुरावा तयार होतो. म्हणून केळीसाठी दोन रकाने ठेवावेत: एकात जाहीर दर आणि दुसऱ्यात आपल्या सभासदांना त्या आठवड्यात प्रत्यक्ष मिळालेला दर, प्रतवारी आणि कापणीच्या तारखेसह.

हा दुसरा रकाना भरण्याचा मार्ग एकच आहे, आणि तो म्हणजे हिशेबपट्टी, म्हणजे माल विकल्यावर खरेदीदाराकडून मिळणारी हिशेबाची चिठ्ठी. ज्या सभासदाने माल विकला त्याने पट्टीचा फोटो पत्रक लिहिणाऱ्याकडे पाठवावा, लिहिणाऱ्याने त्यातील नाव झाकून केवळ दर, वजन, वजावटी आणि पैसे मिळण्याची तारीख घ्यावी. सुरुवातीला लोक पट्टी देण्यास कचरतात, कारण आपल्याला कमी भाव मिळाला हे चार माणसांत उघड होण्याची लाज वाटते. नाव कधीही बाहेर येणार नाही हे दोन-तीन अंकांत दिसून आले की पट्ट्या येऊ लागतात. राज्य शासनाने जुलै २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, त्यामुळे समितीच्या आवाराबाहेर विक्री करणे सोपे झाले. परंतु आवाराबाहेरच्या व्यवहारावर समितीची देखरेखही उरली नाही, आणि म्हणून कागद जपण्याची जबाबदारी पूर्वीपेक्षा अधिक शेतकऱ्यावर आली आहे.

कापसाचे गणित

कापसाच्या बातमीत चार भाव एकमेकांत मिसळलेले असतात. कापसाचा भाव क्विंटलवर सांगतात, सरकीचाही (कापसातील बीचा) क्विंटलवर, रुईचा (सरकी काढलेल्या कापसाचा) खंडीवर, आणि न्यूयॉर्कच्या वायद्याचा भाव पौंडामागे अमेरिकी सेंटमध्ये. एक खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो रुई, आणि एक गाठ १७० किलोची. ‘रुई हजार रुपयांनी वाढली’ ही बातमी वाचून आपल्या कापसाला क्विंटलमागे हजार रुपये जास्त मिळतील असे समजणारे लोक आजही भेटतात, म्हणून पत्रक लिहिणाऱ्याने हे गणित स्वतः करून द्यावे.

समजा रुईचा भाव खंडीला ५३,४०० रुपये आहे. याचा अर्थ किलोला १५० रुपये. एक क्विंटल कापसापासून ३४ किलो रुई, ६४ किलो सरकी आणि दोन किलो घट असे धरले, आणि सरकी क्विंटलला ३,५०० रुपयांनी जात असली, तर रुईचे ५,१०० आणि सरकीचे २,२४० मिळून ७,३४० रुपये होतात. यातून जिनिंग (सरकी वेगळी करणे), प्रेसिंग (गाठी बांधणे), हमाली, वाहतूक आणि कारखानदाराचा नफा वजा जाता जे उरते, त्याच्या आसपास गावात भाव बोलला गेला पाहिजे. रुई खंडीला हजार रुपयांनी वाढली तर किलोला सुमारे २ रुपये ८० पैसे वाढतात, म्हणजे ३४ किलोच्या उताऱ्यावर (एका क्विंटल कापसातून निघणाऱ्या रुईवर) क्विंटलमागे ९५ रुपयांच्या जवळपास. आता उतारा ३४ ऐवजी ३६ किलोचा असेल, तर रुईचे ५,४०० आणि ६२ किलो सरकीचे २,१७० मिळून ७,५७० रुपये होतात. प्रत बदलली नाही, बाजार बदलला नाही, केवळ उताऱ्याने क्विंटलमागे २३० रुपयांचा फरक पाडला. पहिल्या वेचणीचा स्वच्छ कापूस आणि फरदडीचा (हंगामानंतर राखलेल्या झाडांचा) कवडीमिश्रित, म्हणजे किडका-डागी बोंडे मिसळलेला कापूस एकाच ढिगात टाकणाऱ्याला हा फरक कधी दिसत नाही. पत्रकात हे गणित हंगामाच्या सुरुवातीला एकदा सविस्तर आणि पुढे दर आठवड्याला एका ओळीत द्यावे.

वायद्याच्या बातमीसाठी एवढे ध्यानात ठेवले तरी पुरते की एका खंडीत सुमारे ७८४ पौंड असतात. वायदा ६५ सेंट आणि डॉलर ८८ रुपयांचा असे धरले तर खंडीचे सुमारे ४४,८०० रुपये होतात; त्यात जहाजभाडे, विमा आणि आयात शुल्क मिळवल्यावर गिरणीला परदेशी रुई किती रुपयांना पडते हे समजते. आयात शुल्काची बातमी कापूस उत्पादकाच्या दृष्टीने महत्त्वाची का, याचे उत्तरही यातच आहे. केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून ३० सप्टेंबरपर्यंत माफ केले आणि नंतर ही मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली, म्हणजे नवा कापूस घरात येण्याच्या ऐन काळात परदेशी रुई तेवढी स्वस्त झाली. अशी बातमी देताना ‘शेतकऱ्यांना फटका’ असा मथळा देऊन थांबू नये. वरच्या उदाहरणातील ४४,८०० रुपयांवर ११ टक्के म्हणजे खंडीला सुमारे ४,९०० रुपये होतात, हे लिहावे.

हमीभावाच्या बाबतीत मथळा आणि पट्टी यांत नेहमी अंतर असते. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला. हमीभावाने खरेदी करणाऱ्या भारतीय कापूस महामंडळाचा दर धाग्याची लांबी आणि तलमता पाहून ठरतो, आणि पूर्ण दर मिळण्यासाठी ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असावा लागतो. ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान त्या प्रमाणात कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेतला जात नाही. म्हणजे त्या हंगामात १२ टक्के ओलाव्याच्या लांब धाग्याच्या कापसाला ८,११० नव्हे तर सुमारे ७,७८६ रुपये मिळणार होते. त्याच हंगामापासून महामंडळाने ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आवश्यक केली, आणि नोंदणीची मुदत, पिकाची सातबाऱ्यावरील नोंद, आधार जोडलेले बँक खाते या गोष्टींसाठी लोकांची धावपळ झाली. पत्रकातील सर्वांत उपयोगी मजकूर कित्येकदा भाव नसून अशी तारीख असते, म्हणून शेवटच्या तारखा पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात द्याव्यात. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेच्या काळात राज्यात खरेदीदार एकच होता, आणि तेव्हा असल्या पत्रकाला फारसे काम उरले नसते. आता प्रत्येक जिनिंगच्या दारात भाव वेगळा आहे, आणि तो शोधण्याचे काम आपल्यावर आहे.

ओला माल, सुका माल

मक्याला दर विचारताना ओलावा विचारला नाही तर तुलना फसते. २० टक्के ओलाव्याच्या एका क्विंटल मक्यात कोरडा भाग ८० किलो असतो, आणि तोच मका १४ टक्क्यांपर्यंत वाळवला तर वजन सुमारे ९३ किलो भरते. १४ टक्क्यांच्या मक्याला २,००० रुपये भाव असेल, तर ओल्या मक्याला १,८६० रुपये हा बरोबरीचा भाव झाला. याहून बरेच कमी मिळत असेल तर खळ्यावर दोन दिवस वाळवणे परवडते, याच्या जवळपास मिळत असेल तर मजुरी आणि पावसाची धास्ती पत्करून वाळवण्यात अर्थ नाही. नंदुरबारच्या मिरचीलाही हाच नियम लागू आहे. तेथे ओली लाल मिरची येऊन पथाऱ्यांवर वाळवली जाते, आणि ओल्या व सुक्या मिरचीचे भाव एकाच यादीत खाली-वर छापले तर परगावच्या वाचकाचा गैरसमज हमखास होतो. दोन्हींसाठी वेगळ्या ओळी ठेवाव्यात.

निव्वळ भावाचा रकाना

पत्रकाचा शेवटचा आणि ठळक रकाना निव्वळ भावाचा असावा. समजा जवळच्या समितीत मक्याला २,०४० रुपये मिळतात, गाडीभाडे क्विंटलमागे ५० आणि हमाली-तोलाई २० रुपये जाते, तर हातात १,९७० रुपये उरतात. लांबच्या समितीत भाव २,११० आहे, भाडे ११०, हमाली-तोलाई २०, आणि तेथे क्विंटलमागे एक किलो कटती धरतात, म्हणजे आणखी २१ रुपये गेले. हातात १,९५९ उरले. सत्तर रुपये जास्त भाव देणारा बाजार प्रत्यक्षात अकरा रुपयांनी स्वस्त पडला, आणि रात्रभर गाडीत झोपावे लागले ते वेगळेच. ओलाव्याची मोजून केलेली वजावट आणि सरसकट घेतलेली कटती या दोन गोष्टी एकाच शब्दाखाली लपवल्या जातात, म्हणून पत्रकात त्या वेगवेगळ्या दाखवाव्यात. त्याच ओळीत पैसे किती दिवसांनी मिळाले हेही लिहावे, कारण केळीच्या व्यवहारात उधारी राहण्याचे प्रकार घडतात, आणि रोखीचे १,४०० रुपये आणि महिनाभर लोंबकळणारे १,५०० रुपये यांची तुलना कर्जाचे व्याज आणि पैसे बुडण्याची भीती धरूनच करावी लागते.

सरकारी आणि दूरच्या बातम्या

निर्यात, आयात, साठा मर्यादा आणि हमीभाव यांच्या बातम्यांबाबत एक कडक नियम पाळावा: अधिसूचनेची तारीख हाती आल्याशिवाय बातमी छापू नये, आणि ती केव्हापासून केव्हापर्यंत लागू आहे हे पहिल्याच वाक्यात द्यावे. कांद्याचे उदाहरण घेतले तर याचे महत्त्व पटते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने ३१ मार्च २०२४ पर्यंत कांदा निर्यातीवर बंदी घातली, पुढे तिला मुदतवाढ मिळाली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लागू झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य काढले गेले आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेले. या दीड वर्षात ‘निर्यात खुली’ हा मथळा अनेकदा छापून आला, आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ वेगळा होता. पिंपळनेर किंवा अडावदच्या बाजारात कांदा घेऊन जाणाऱ्याला ‘खुली’ या शब्दाचा उपयोग नाही. त्याला शुल्क किती आणि कोणत्या तारखेपासून, हे हवे असते.

दुसऱ्या धंद्यातील बातमी आपल्या पिकापर्यंत येते तेव्हा ती ओळखणे हे पत्रक लिहिणाऱ्याचे खरे कसब. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांवर आढळला, आणि नवापूरपासून शेकडो कोस दूर असलेल्या शहरांतही लोकांनी कोंबडी आणि अंडी खाणे सोडले. कोंबडी खाल्ली जात नाही तेव्हा कोंबडीचे खाद्यही उचलले जात नाही, आणि खाद्यात सर्वांत जास्त असतो तो मका. त्यामुळे पोल्ट्रीची, इथेनॉलच्या धोरणाची किंवा स्टार्च कारखान्यांच्या मागणीची बातमी मक्याच्या खाली यावी. केळीच्या खाली उत्तर भारतातील सण येतात: श्रावण, नवरात्र, छठपूजा आणि रमजान. यात एक मेख आहे. रमजान दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे गेल्या वर्षीच्या याच महिन्यातील केळीच्या भावाशी तुलना करण्यापूर्वी दोन्ही वर्षी रमजान कोणत्या आठवड्यात होता ते पाहावे लागते. आपल्याकडील मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी) आणि कांदेबाग (पावसाळ्याच्या अखेरीस लावलेली केळी) यांची कापणी, आणि आंध्र प्रदेश व सोलापूरकडची केळी, एकाच वेळी बाजारात येत आहे का, हा त्याच्या जोडीचा प्रश्न.

हवामानाच्या अंदाजाला पत्रकात तीन ओळींपेक्षा जास्त जागा देऊ नये. तो रोज बदलतो आणि पत्रक आठवड्याचे असते.

भाव पडलेला असताना ‘माल रोखून धरा’ असा सल्ला देण्याचा मोह होतो. तो सल्ला देण्याऐवजी माल रोखण्याचा खर्च लिहावा. पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत बाजार समितीच्या गोदामात ठेवलेल्या तूर, हरभरा, मका, ज्वारी, गहू, सोयाबीन अशा मालावर त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी वार्षिक ६ टक्के व्याजाने मिळते. आपल्या समितीत ही योजना प्रत्यक्ष सुरू आहे का, गोदामात जागा आहे का, एवढे विचारून लिहिले तर सभासद आपला निर्णय आपण घेतो.

आपल्या मालाची बातमी

पत्रकाचे दुसरे पान खरेदीदारासाठी असावे, आणि तेथे गटाने आपल्या मालाची जाहिरात करावी. बहुतेक गट येथे ‘आमच्याकडे उत्तम दर्जाची केळी योग्य दरात मिळेल’ असे लिहून मोकळे होतात. या वाक्यावरून दिल्लीचा किंवा सुरतचा व्यापारी गाडी पाठवू शकत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘ग्रँड नैन जातीची केळी, मृगबाग, नवती. सरासरी घड २२ किलो. घडांना पिशवी घातलेली आहे. या महिन्याच्या १२ ते १८ तारखेदरम्यान तीन बागांत मिळून सुमारे ४५ टन कापणीला येईल. ट्रक बागेपर्यंत येतो. पावसाळ्यात शेवटचा अर्धा किलोमीटर ट्रॅक्टरने. पैसे सात दिवसांत बँक खात्यात.’ यात एकही विशेषण नाही, पण खरेदीदाराला फोन करण्याआधी हवे असलेले सगळे आहे. हे लिहिण्यासाठी प्रत्येक सभासदाने कापणीचा अंदाज महिनाभर आधी द्यावा लागतो, आणि खरे सांगायचे तर गटाच्या विपणनातील अवघड काम जाहिरात लिहिणे नसून हा अंदाज वेळेवर मिळवणे हेच आहे. केळी थांबत नाही. तीन बागांच्या तारखा एकत्र सांगणारा गट आणि ‘माल पिकतोय, लवकर या’ म्हणणारा एकटा बागायतदार यांना एकाच व्यापाऱ्याकडून वेगळे भाव मिळतात.

भौगोलिक मानांकनाचा उपयोग आपल्याकडे कमी होतो. जळगावची केळी, जळगावचे भरीताचे वांगे आणि नवापूरची तूरडाळ यांना असे मानांकन मिळालेले आहे. मात्र मानांकन जिल्ह्याला मिळाले म्हणजे प्रत्येकाला ते चिन्ह आपल्या खोक्यावर छापता येते असे नाही. त्यासाठी उत्पादकाने चेन्नईच्या भौगोलिक मानांकन नोंदणी कार्यालयाकडे अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. गटाने सभासदांचे अर्ज एकत्र तयार करून द्यावेत आणि नोंद झाल्यावरच चिन्ह वापरावे. डाळ, मिरची पूड, केळीचे वेफर्स असा बांधीव माल असेल तर पाकिटावर चौदा अंकी अन्न परवाना क्रमांक, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि बांधणीची तारीख असावी लागते. ‘सेंद्रिय’ हा शब्द प्रमाणपत्र हाती नसताना छापू नये. ‘रसायनमुक्त’ हाही नको. तो सिद्ध करायला लावणारा ग्राहक एक ना एक दिवस भेटतोच.

पाठवणे, दुरुस्ती आणि जपणूक

पत्रक व्हॉट्सॲपवर पाठवताना प्रत्येक पानावर अंक क्रमांक, तारीख आणि ‘या तारखेनंतर हे दर धरू नयेत’ अशी ओळ असावी, कारण जुने पान कोणीतरी चार महिन्यांनी पुढे ढकलतो आणि गावात गोंधळ उडतो. तीच पाने छापून सोसायटीच्या फळ्यावर आणि दूध संकलन केंद्रावर लावावीत. घरातील विक्रीचा निर्णय घेणारी माणसे सगळीच मोबाइल पाहतात असे नाही. गटातील सभासदाने आवाजी संदेश मागितला तर दोन मिनिटांत अहिराणीत किंवा लेवा गणबोलीत निव्वळ भावाच्या ओळी वाचून पाठवाव्यात. पुस्तकी भाषेतल्या पत्रकापेक्षा हा संदेश जास्त ऐकला जातो, असा बहुतेक गटांचा अनुभव ऐकायला मिळेल.

आकडा चुकला तर पुढच्या अंकाच्या पहिल्या ओळीत चुकलेला आणि बरोबर असे दोन्ही आकडे द्यावेत. जुना संदेश गुपचूप पुसून नवा टाकू नये. व्यापाऱ्याविषयी तक्रार आली तर पत्रकात त्याचे नाव छापू नये. ती तक्रार लेखी घेऊन बाजार समितीकडे किंवा तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे पाठवावी आणि पत्रकात केवळ ‘या आठवड्यात उशिरा पैसे मिळाल्याची एक तक्रार समितीकडे दिली’ एवढेच लिहावे.

प्रत्येक अंकाची एक छापील प्रत आणि त्यामागील हिशेबपट्ट्यांचे फोटो पिकानुसार फाइलमध्ये ठेवावेत. पुढल्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पूर्वहंगामी कापूस किती लावायचा, मृगबाग वाढवायची की कांदेबाग, किंवा बँकेकडे गोदामासाठी प्रस्ताव द्यायचा तर कोणत्या महिन्यात किती माल आणि काय निव्वळ भाव होता, हे प्रश्न येतील तेव्हा ती फाइल सभेत टेबलावर ठेवावी.